मलिद्याचे ताट

अलिबागेहून उत्तरेकडे समुद्राच्या कडेकडेने निघाले म्हणजे वरसोली, थळ, नवगाव, किहीम अशी एकापाठोपाठ एक गावे लागतात. एका बाजूस खाऱ्या वाऱ्यावर डोलणाऱ्या माडांच्या वाड्या आणि दुसऱ्या बाजूस भाताची खाचरे, असा हा मुलूख. यांपैकी नवगावाच्या किनाऱ्याजवळ एक फार जुने दफनस्थान आहे. बेने इस्राएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यहुदी समाजाला ते अत्यंत पवित्र वाटते. त्या समाजाची परंपरा असे सांगते की, अनेक शतकांपूर्वी पश्चिमेकडून आलेले एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटले. त्यातील बहुतेक माणसे बुडाली. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जिवंत राहिल्या. लाटांनी वाहून आणलेल्या आपल्या सोबत्यांना त्यांनी येथेच मूठमाती दिली. पुढे या चौदा जणांचा वंश कोकणात वाढला. ‘बेने इस्राएल’ म्हणजे इस्राएलची लेकरे.

जे वाचले त्यांच्याजवळ काहीच उरले नव्हते. यहुदी धर्मात पवित्र ग्रंथाला फार मोठे स्थान असते. तोच समुद्रात गेला होता. गावोगाव पांगलेल्या या लोकांनी तेलाचे घाणे घातले आणि शेती केली. ते मराठी बोलू लागले. त्यांच्या स्त्रिया लुगडी नेसू लागल्या. ज्या गावी घर, त्या गावाचे नाव आडनाव झाले : नवगावकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, झिराडकर. काही पिढ्यांनंतर तर पूर्वजांची हिब्रू भाषाही विस्मृतीत गेली. तरी शनिवारी मात्र त्यांचा घाणा फिरत नसे. सहा दिवस काम करावे व सातवा दिवस ईश्वराच्या स्मरणात घालवावा, ही आज्ञा ते विसरले नव्हते. म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि ईश्वर एकच आहे असे सांगणाऱ्या हिब्रू प्रार्थनेचे पहिले शब्द, एवढेच धन त्यांच्याजवळ शिल्लक राहिले होते. जन्म असो, विवाह असो की मृत्यू असो, त्यांच्या ओठांवर तेच शब्द येत.

हे लोक कोण आहेत याचा शोध कसा लागला, याविषयी एक कथा सांगितली जाते. दावीद रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ कोकणात आला होता. त्याने काही घरांतील स्त्रियांना निरनिराळ्या जातींचे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे वेचून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. खवले व पर नसलेला मासा यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे निषिद्ध आहे. आपण असे का करतो, ते त्या स्त्रियांना सांगता आले नाही. वाडवडील करीत आले म्हणून त्याही करीत होत्या. रहाबीला मात्र ओळख पटली. त्याने या समाजातील झिराडकर, शापूरकर व राजपूरकर या घराण्यांतील तरुणांना धर्माचे शिक्षण दिले, आणि त्यांना ‘काजी’ म्हणून मान मिळू लागला.

एखादा समाज ग्रंथावाचून आणि गुरूवाचून इतकी वर्षे आपला धर्म कशाच्या बळावर टिकवतो? बेने इस्राएलांचे जुने सण पाहिले म्हणजे या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मिळते. सणांची हिब्रू नावे विसरली गेली, तेव्हा त्यांनी त्यांना सरळ मराठी नावे दिली. वर्षारंभाच्या सणाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. हा सण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतो. कोकणात भाताच्या लोंब्या भरतात त्या याच दिवसांत. शेजारचे शेतकरी या ऋतूत दाराला ‘नवे’ बांधतात. त्याच महिन्यात बेने इस्राएलांचा ‘खिरीचा सण’ येई. नव्या धान्याची, नारळाच्या रसातली गोड खीर शिजवावयाची, तिला ऊद दाखवावयाचा, ईश्वराच्या एकत्वाचे ते शब्द उच्चारावयाचे आणि मग सर्वांनी मिळून खीर खावयाची. जमिनीतून आलेले पहिले धान्य ज्याने दिले त्याचे नाव घेतल्यावाचून तोंडात घालावयाचे नाही, ही भावना त्यामागे होती.

या खिरीनंतर थोड्याच दिवसांनी वर्षातील सर्वांत गंभीर दिवस येई. त्याला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. त्या दिवशी घरांची दारे लावून घेतली जात. पांढरी शुभ्र वस्त्रे नेसून, कडकडीत उपवास करून, सर्व मंडळी वर्षभरातील अपराधांची क्षमा मागत. बाहेरच्या कोणाशी त्या दिवशी संबंध ठेवीत नसत. दुसऱ्या दिवशी दारे उघडली म्हणजे सगळे चित्र पालटे. तो ‘शिळा सण’. गरिबांना दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांच्या घरी भेटीला जावयाचे. आदल्या दिवशी जो मनुष्य एकटा आपल्या मनाशी झगडत होता, तोच आज ओटीओटीवर बसून चार माणसांशी हसून बोलत असे. या दोन दिवसांची सांगड ज्याने प्रथम घातली, त्याला मनुष्यस्वभावाची उत्तम पारख असली पाहिजे. मन धुऊन निघाल्याची खूण एकट्याला पटत नाही. ती शेजाऱ्याच्या दारात गेल्यावर पटते.

परंतु बेने इस्राएलांचा सर्वांत लोभस विधी कोणत्याही एका सणाला बांधलेला नाही. त्याचे नाव मलिदा. हा शब्द मूळचा फारसी; त्याचा अर्थ कुस्करलेले किंवा मळलेले. आजच्या मराठीत दुर्दैवाने ‘मलिदा खाणे’ याला लबाडीने लाभ उपटणे असा वाईट अर्थ चिकटला आहे. या विधीचा त्या अर्थाशी काहीही संबंध नाही. उलट, जे मिळाले ते आपल्या हक्काचे नव्हते, ते कृपेने मिळाले, असे चारचौघांत मोठ्याने सांगण्यासाठी हा मलिदा असतो.

त्याची कृती साधी आहे. पोहे धुऊन भिजवतात. त्यांत खवलेला ओला नारळ, साखर किंवा गूळ, वेलदोडा, मनुका आणि ऐपतीप्रमाणे बदाम-पिस्ते घालून ते हलक्या हाताने कालवतात. हे मिश्रण मोठ्या ताटात शीग भरून ठेवतात आणि त्यावर फळे रचतात. फळे बहुधा पाच प्रकारची असतात : खजूर, केळी, संत्री, सफरचंद, चिकू, जशी ऋतूत मिळतील तशी. जवळ गुलाबाचे फूल किंवा सब्जाची सुवासिक डहाळी ठेवतात. दूध-तुपाचा येथे स्पर्श नाही, याचे कारण शास्त्रात आहे. यहुदी लोक मांस व दूध एका जेवणात खात नाहीत; म्हणून कोकणातील या समाजाने दुधाची बहुतेक कामे नारळाच्या रसावर सोपवली. ज्या किनाऱ्यावर माडांना तोटा नाही, तेथे ही अडचण फारशी जाणवली नसावी.

ताट मांडले म्हणजे मंडळी त्याभोवती बसतात. प्रार्थना सांगणारा हिब्रू स्तोत्रे म्हणतो, इतर त्याच्या सुरात सूर मिसळतात. एलियाहू या प्रेषिताचे गीत मोठ्या उत्साहाने गायिले जाते. नंतर एकेका पदार्थासाठी निराळा धन्यवाद उच्चारला जातो व सर्व जण ‘आमेन’ म्हणतात. झाडावर येणाऱ्या फळाचा धन्यवाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्या फळाचा वेगळा आणि सुगंधाचा तर त्याहूनही वेगळा. गुलाब हुंगण्यापूर्वीसुद्धा देवाचे आभार मानावयाचे! यातील एक बारकावा मोठा मौजेचा आहे. खजुराला झाडाच्या फळाचा धन्यवाद मिळतो. पण केळे मात्र जमिनीच्या फळांत मोडते. ज्याने केळीची बाग पाहिली आहे त्याला याचे नवल वाटणार नाही. घड उतरला की केळ संपते, तिचा बुंधा तोडावा लागतो आणि बुडाशी नवा कोंब येतो. वर्षानुवर्षे उभी राहणारी फांदी तिला नसते. म्हणून शास्त्रकारांनी तिला वृक्ष मानले नाही.

इतका काटेकोरपणा कशासाठी, अशी शंका कोणाच्याही मनात येईल. यहुदी धर्मपंडितांचे म्हणणे असे की, ही पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही ईश्वराच्या मालकीचे आहे. त्याचे आभार न मानता एखादी वस्तू खाणे म्हणजे ती न विचारता उचलणे होय. मनुष्याने दिवसाकाठी शंभर धन्यवाद उच्चारावेत, असाही त्यांचा संकेत आहे. शंभर वेळा आभार मानावयाचे तर डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘देवा, सर्व गोष्टींबद्दल तुझे आभार’ असे एकदाच म्हणून मोकळे होणाऱ्याला केळ आणि खजूर यांतला फरक कधी दिसतच नाही.

फळांचे तुकडे आणि मलिद्याचे घास मग उपस्थितांना वाटले जातात. येथे लहानथोर असा भेद नाही. बाळाची सुंता, विवाह, नव्या घरात पाऊल टाकणे, दूरच्या प्रवासास निघणे किंवा त्यातून सुखरूप परत येणे, दुखण्यातून उठणे, बोललेला नवस फेडणे, अशा प्रसंगी घरोघर मलिदा होतो. प्रसंगांची ही यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. यांतले निम्मे प्रसंग संकट टळल्याचे आहेत. दुखणे आले तेव्हा घरातील मनुष्य एकटाच कण्हत होता. बरे झाल्याचा आनंद मात्र आळीतल्या सर्वांना बोलावून वाटावयाचा. ज्याच्या घरी काल चिंता होती त्याच्या ताटातला घास आज शेजारी खातो, आणि ज्याच्या घरी आज चिंता आहे त्याला उद्याची आशा वाटू लागते.

कृतज्ञतेच्या अशाच एका नवसाने मुंबईच्या इतिहासात आपली खूण ठेवली आहे. अठराव्या शतकात मुंबई वाढू लागली, तशी कोकणातील अनेक बेने इस्राएल कुटुंबे तेथे गेली. पुष्कळ तरुण कंपनी सरकारच्या पलटणीत शिरले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर, ज्यांना मराठीत सामाजी हसाजी दिवेकर म्हणत, हे त्यांपैकीच एक. म्हैसूरच्या टिपू सुलतानाशी झालेल्या युद्धात ते व त्यांचे सोबती कैदी झाले. मृत्यू समोर दिसत असता दिवेकरांनी नवस केला की, येथून जिवंत सुटलो तर मुंबईत ईश्वराचे प्रार्थनामंदिर बांधीन. या कैद्यांच्या धर्माचे नाव ऐकून टिपूच्या मातेने त्यांच्यासाठी रदबदली केली, अशी आख्यायिका आहे. ती कशीही असो, दिवेकर सुटले आणि त्यांनी शब्द पाळला. १७९६ मध्ये मुंबईतील पहिले यहुदी प्रार्थनामंदिर उभे राहिले. ‘शआर हारहामीम’ म्हणजे दयेचे द्वार, या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्या काळी हे लोक आपल्या प्रार्थनामंदिराला ‘मशीद’च म्हणत. मशीद बंदर या रेल्वे स्थानकाचे नाव या मंदिरावरूनच पडले असे सांगतात, आणि मंदिर ज्या रस्त्यावर आहे त्याला दिवेकरांवरून सॅम्युएल स्ट्रीट हे नाव मिळाले.

येथे थोडे थांबून विचार करण्याजोगे आहे. सुटका झाली ती दिवेकरांची आणि त्यांच्या काही सोबत्यांची. आभार मानावयाचे तर त्यांनी घरच्या घरी मलिदा केला असता तरी नवसाला बाध आला नसता. पण त्यांनी जे बांधले ते सर्वांसाठी बांधले. तोपर्यंत घराघरांतून जपलेली प्रार्थना आता एका छपराखाली सामुदायिकपणे होऊ लागली. विखुरलेल्या समाजाला एकत्र जमण्याचे ठिकाण मिळाले. पुढे एकोणिसाव्या शतकात कोकणातही मंदिरे झाली. अलिबागेस ‘इस्राएल आळी’त १८४८ साली स्थापन झालेले ‘मागेन आबोथ’ मंदिर आजही उभे आहे. शाळा निघाल्या, हिब्रूचे अध्ययन सुरू झाले, हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे छापली गेली. इतकेच काय, हरिकीर्तनाच्या पद्धतीवर बायबलमधील कथांची मराठी कीर्तनेही या समाजाने रचली. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा जो इतिहास १८९७ मध्ये पूर्ण केला, त्यात या साऱ्या जुन्या सणांची आणि चालीरीतींची नोंद आढळते.

मलिद्यात ज्याचे गीत गातात तो एलियाहू प्रेषित कोण, हेही जाणून घेण्यासारखे आहे. बायबलच्या जुन्या करारात त्याची कथा येते. दुष्काळात कावळ्यांनी त्याला अन्न आणून दिले. पुढे एका गरीब विधवेने आपल्या घरातले शेवटचे मूठभर पीठ त्याच्यासाठी भाजले आणि तिच्या मडक्यातले पीठ मग सरले नाही. शेवटी तो अग्निरथात बसून स्वर्गात गेला. तो मरण पावला नाही, म्हणून संकटात केव्हाही धावून येतो, अशी श्रद्धा आहे. हा रथ एकदा कोकणातही उतरला, असे बेने इस्राएल मानतात. अलिबागजवळच्या खंडाळे परिसरात एक खडक आहे. (घाटावरचे खंडाळा ते हे नव्हे.) खडकावर घोड्याच्या टापांसारख्या व रथाच्या चाकांसारख्या खुणा दिसतात. त्याला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात. ‘हनाबी’ म्हणजे प्रेषित. यहुदी पंचांगातील शेबाट महिन्याच्या पौर्णिमेला झाडांचे नववर्ष असते. जानेवारी-फेब्रुवारीच्या त्या दिवसांत कोकणात आंब्याला मोहोर आलेला असतो. त्या सुमारास ठिकठिकाणची कुटुंबे टाप्याच्या दर्शनाला येतात, झाडांच्या सावलीत ताटे मांडतात आणि मलिदा करतात. आभार मात्र एलियाहूचे मानले जात नाहीत, ते ईश्वराचे. एलियाहू हा जणू त्या पंक्तीचा साक्षी.

१९४८ मध्ये इस्राएल हे राष्ट्र स्थापन झाले. त्या वेळी भारतात बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या घरात होती. पुढील वर्षांत त्यांतील बहुसंख्य लोक पूर्वजांच्या भूमीकडे गेले. कोणाच्या छळामुळे त्यांना कोकण सोडावे लागले, असे नाही. भारतात आपल्याला धर्मावरून कधी त्रास झाला नाही, हे ते अभिमानाने सांगतात. नव्या देशात मात्र प्रारंभी एक कटू प्रसंग आला. शेकडो वर्षे इतर यहुद्यांपासून दूर राहिलेले हे लोक विवाहसंबंधाच्या दृष्टीने पूर्ण यहुदी मानावेत की नाही, अशी शंका तेथील काही धर्माधिकाऱ्यांनी काढली. ज्यांनी ग्रंथावाचून, गुरूवाचून शनिवार पाळला, त्यांना हा घाव जिव्हारी लागला. त्यांनी शांततेने सत्याग्रह केला. १९६४ मध्ये त्यांचे यहुदीपण पूर्णपणे मान्य झाले.

आज भारतातील साऱ्या यहुद्यांची संख्या काही हजारच आहे. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, असा परंपरेचा नियम आहे. कोकणातील ज्या गावी आता एकदोनच घरे उरली आहेत, तेथे एवढी माणसे आणावयाची कोठून? सणाच्या दिवशी मुंबई-ठाण्याची मंडळी आली म्हणजे आळी पुन्हा भरते आणि मलिद्याची ताटे ओळीने मांडली जातात.

तिकडे इस्राएलात अश्दोद, लोद, दिमोना, बेरशेबा या शहरांत बेने इस्राएलांची वस्ती आहे. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. तरुण पिढी हिब्रू बोलते. पण लग्न ठरले, नवे घर घेतले किंवा मुलगा सैन्यातून सुखरूप परत आला की घरातील वडीलधारी स्त्री मलिद्याची तयारी करू लागते. ताटावरची फळे तीच, धन्यवाद तेच. कोकणात पोहे, नारळ, गूळ, केळी हे सारे अंगणातले असे. खजूर तेवढा दूर देशाहून समुद्र ओलांडून येई. इस्राएलात खजूर रस्त्याच्या कडेला पिकतो. पोहे मात्र भारतीय वाणसामान विकणाऱ्या दुकानातून आणावे लागतात.